पाच ठिपके आणि दोन ओघळ

डिसेंबरातला गुरुवार, कापूस वेचणीचा ऐन हंगाम. दुपारी दीडच्या सुमाराला छप्पन्न वर्षांची एक बाई सुनेच्या खांद्याला धरून आत आली. दोन्ही पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटलेले. उजवा पाय टेकवत नव्हती आणि लुगडं गुडघ्याच्या वर मुठीत धरून ठेवलं होतं, कारण कापड लागलं की आग व्हायची. सोबत नणंदही होती, पण ती आत न येता बाहेरच्या बाकावर बसली.

माझा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि त्वचेचे विकार हे माझं काम. ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण लिहिते आहे. रोग दुर्मीळ म्हणून नव्हे, तो आमच्याकडे दर हंगामात येतो. यात मी दोन ठिकाणी चुकले, आणि त्या दोन्ही चुका इतर डॉक्टरही करतात, म्हणून लिहिते.

हातातल्या चिठ्ठीवर गावातल्या डॉक्टरांनी 'नागीण' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. खाली जंतुसंसर्गाची तीन इंजेक्शनं आणि खाजेची गोळी. त्यांना मी नावं ठेवणार नाही. एका पायावर पाण्याचे फोड, आग, ठणका, एवढं पाहून नागीण मनात येतेच. पण नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात राहते. ती एकाच वेळी गुडघ्यावर, पापण्यांवर आणि मानेवर सहसा उठत नाही.

"मावशी, काही लावलं होतं का?"

"नाही जी."

"लेप, पाला, तेल, काही?"

"काहीच नाही."

सून फरशीकडे बघत होती.

मी पाय उजेडात घेतला. गुडघ्याच्या वाटीभोवती पाच काळे ठिपके, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढा, डांबराचा थेंब पडून वाळावा तसा. प्रत्येक ठिपक्याभोवती टरारून आलेले फोड. काही फुटून तिथे मधाच्या रंगाची खपली धरलेली. आणि खालच्या दोन ठिपक्यांपासून नडगीवर उतरत गेलेल्या दोन लालभडक, फोडांनी भरलेल्या रेघा. एक चार बोटं लांब, दुसरी घोट्याच्या जरा वर येऊन थांबलेली. जंतुसंसर्ग फोडांची अशी सरळ रेघ सहसा ओढत नाही. ती ओढतं वरून खाली वाहिलेलं काहीतरी, नाहीतर माणसाचं बोट. डाव्या गुडघ्यावर दोनच ठिपके होते, तिथे फोड कमी. मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक पुरळ. अंगात ताप नव्हता. बोटातून रक्त काढून साखर तपासली, २६८ निघाली. मधुमेह सहा वर्षांपासून, गोळ्या कधी असतात, कधी नसतात.

निदान मला कळलं होतं, पण बाई ते कबूल करीत नव्हती. मी बाहेर येऊन नणंदेला म्हटलं, "जरा पाणी देता?" तिने माठातून पेला भरून दिला. अंगठा आणि पहिल्या बोटाची पेरं काळपट तपकिरी, नखाच्या कडेला तर पार काळी.

"बिबा घरचा होता की विकतचा?"

"विकतचा," ती पटकन म्हणाली. "सुया-पोतवालीकडचा. झाडाचा ताजा असता तं याहून उतला असता."

बिबा म्हणजे रानातल्या एका झाडाची काळी बी, तिचं तेल दुखऱ्या जागी लावतात; ते उतलं म्हणजे फोड उठले. लावला का, हे मी विचारलं नाही; कुठला, एवढंच विचारलं. माझी पहिली चूक आधीच्या प्रश्नात होती. 'काही लावलं होतं का' हा प्रश्न कानाला आरोपासारखा लागतो आणि आरोपाला माणूस नाही म्हणतो. पाच मिनिटांनी बाई स्वतःच बोलली: "लावलं म्हटलं तं तुमी रागावता, अन् नाही लावलं तं टोंगळा झोपू देत नाही." टोंगळा म्हणजे गुडघा, आमच्या भागातला शब्द.

मग सगळी हकीकत निघाली. रविवारी संध्याकाळी शेतातून आल्यावर नणंदेने बिबा सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरला. बिबा तापला की त्याच्या सालीतून काळं तेल सुटतं, फसफसतं, थेंब धरतं. तो थेंब गुडघ्याला टेकवायचा. वाटीभोवती पाच, कारण दुखणं 'पाच जागी बसलेलं' होतं. थंडीमुळे बाई आखडून बसली होती, पाय हलला आणि दोन थेंब ओघळले. पदराने पुसले. त्याच पदराने रात्री तोंड पुसलं. पापण्यांचं कोडं तिथे सुटलं. नणंदेने स्वतःच्या बोटांना आधी खोबरेल चोळलं होतं. ही खबरदारी तिला तिच्या आईने शिकवलेली. शिवाय हाताची कातडी जाड, त्यामुळे तिच्या बोटांना डाग पडले, फोड नाही आले.

त्या रात्री ठिपक्यांच्या जागी भाजल्यासारखं झालं. मंगळवारी खाज सुटली, बुधवारी फोड आले. घरच्यांनी हळद आणि खोबरेल लावलं. शनिवारी डोळे सुजले. त्यानंतर गावातला दवाखाना, तीन इंजेक्शनं, आणि अकराव्या दिवशी माझ्याकडे.

बिबा किंवा बिब्बा महाराष्ट्राला नवा नाही. संस्कृतात भल्लातक, वनस्पतिशास्त्रात सेमिकार्पस ॲनाकार्डियम, काजू आणि आंब्याच्या कुळातलं झाड. विदर्भाच्या रानात ते जागोजागी आहे. पिकल्यावर काळ्या बियेला जोडलेला केशरी गर सुकवून खातात, त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात. बी फोडून आतली गोडंबी काढतात, ती डिंकाच्या लाडवात पडते. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीच्या खाली जो काळा मणी लोंबतो तोही बिब्बाच. दर शनिवारी आमचा कंपाउंडर दवाखान्याच्या चौकटीला तो बदलतो आणि मी पाहून न पाहिल्यासारखं करते. सुया घ्या, पोत घ्या, बिब्बं घ्या, अशी हाळी घालत फिरणाऱ्या बाया अजूनही आठवडी बाजारात दिसतात. दुसऱ्याच्या चाललेल्या कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण त्या मागचं काळं तेल शहरात फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

त्या तेलाची जात सांगायला धोबी पुरे. बिब्ब्याचं तेल आणि चुना मिळून कपड्यावर जी काळी खूण उमटते ती कितीही धुतली तरी जात नाही, म्हणून परटांनी पिढ्यानपिढ्या ती वापरली. इंग्रजीत या बियेला 'खुणेची बी' अशा अर्थाचंच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर, नेमकी जिथे धोब्याची खूण असे त्याच जागी, पुरळ उठू लागलं तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. त्यांच्या देशातल्या पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीनं होतं तसलंच हे. आश्चर्य नाही, वेल त्याच कुळातली.

तेलातला मुख्य दोषी म्हणजे भिलावनॉल, कॅटेकॉल जातीच्या रसायनांचं मिश्रण. ते त्वचेला दोन वेगळ्या वाटांनी इजा करतं आणि या बाईच्या पायावर दोन्ही दिसत होत्या. पहिली सरळ भाजणं. गरम, दाहक तेल जिथे टेकलं तिथली कातडी मेली. ते पाच काळे ठिपके. हे कुणालाही होईल. दुसरी वाट ॲलर्जीची. तेल त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतं, शरीराच्या पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखतात आणि दोन-तीन दिवसांनी हल्ला चढवतात. फोड, खाज, पापण्यांची सूज हे सगळं या दुसऱ्या वाटेचं. म्हणून रविवारची लागवड बुधवारी उगवली.

"पण मी तं मागं लावला होता, टाचेच्या भेगांत. तीन-चार खेपा. काही नाही झालं." हे प्रत्येक रुग्ण म्हणतो आणि यातच फसगत आहे. आधीच्या खेपांनीच तिची त्वचा बिब्ब्याला ओळखायला शिकली होती. पहिल्यांदा लागल्यावर शरीराला ही ओळख पक्की करायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा फारसं दिसत नाही. एकदा ओळख झाली की मग पुढच्या वेळी उधारी चुकती होते. टाच जाड, तिथे तेल फारसं आत पोचत नाही. पापणी कागदासारखी पातळ.

सुनेला वेगळीच भीती होती. फोडांतलं पाणी नातवाला लागलं तर? तिने सासूचं अंथरूण वेगळं केलं होतं, टॉवेल वेगळा. फोडातल्या पाण्यात बिब्बा नसतो. ते शरीराचंच पाणी, त्याने रोग पसरत नाही. नवनव्या जागी पुरळ उठतं ते यासाठी की जिथे तेल कमी लागलं किंवा कातडी जाड आहे तिथे प्रतिक्रिया उशिरा उमटते. तेल मात्र पसरतं. मी विचारलं, ती सुई कुठे आहे? सुपारीच्या डबीत, टोक काळं, तशीच. लुगडं? त्या दिवसापासून दोनदा नेसलं. गोधडी? तीच. पुरळ थांबत का नव्हतं याचं एक कारण या घरात पडून होतं. सुई टाकायला सांगितली, लुगडं आणि गोधडी साबणाच्या गरम पाण्यात, धुणाऱ्याने हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून धुवायला सांगितली.

अकराव्या दिवशी पाय साबणाने धुऊन काही होणार नव्हतं. खरा उपयोग पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, भरपूर साबण-पाण्याने, नखांच्या खालीही. घरात उलट आधी खोबरेल लावतात. खोबरं आणि तीळ हा बिब्बा उतण्यावरचा जुना उतारा आहे, त्याने कोरडी आग निवते हे खरं. पण तेल अंगावर असतानाच चोळलं तर तेलात तेल विरघळून चार बोटांचं आठ बोटं होतं.

उपचार असा केला. जखम पुसून, फोडांच्या वरची कातडी न काढता, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याची घडी पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. तांब्याभर पाण्यात एखाद-दोनच कण, रंग फिकट गुलाबी. हे दोनदा बजावलं, कारण जांभळं झालं की तेच भाजतं आणि आपण एक भाजणं बरं करताना दुसरं लावतो. पू धरलेल्या जागेसाठी जंतुनाशक गोळी, धनुर्वाताचं इंजेक्शन, झोपेसाठी खाजेवरची गोळी. काळ्या ठिपक्यांवर साधं जखमेचं मलम, आसपासच्या पुरळावर स्टिरॉइडचं मलम. आणि पोटातून प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी, ३० मिलिग्रॅम. वजन ५४ किलो. पापण्या मिटलेल्या, पुरळ अंगभर पसरलेलं, तेव्हा मलमावर भागणारं नव्हतं.

इथे माझी दुसरी चूक. स्टिरॉइडने साखर चढते हे माहीत असूनही मी शहरातल्या फिजिशियनकडे पहिल्या दिवशी पाठवलं नाही. 'दोन दिवसांनी बघू' म्हटलं. चौथ्या दिवशी साखर ३९० झाली. मी घाबरले आणि गोळी एकदम १० वर आणून सातव्या दिवशी बंद केली. पापण्या उघडल्या होत्या, पाय वाळत होता, मला वाटलं सुटलो. नवव्या दिवशी सुनेचा फोन, पहिल्यापेक्षा जास्त उतलं आहे. या जातीच्या ॲलर्जीत स्टिरॉइड दोन ते तीन आठवडे देऊन हळूहळू उतरवावं लागतं. आठवड्यात आवरलं की रोग उसळी मारतो. हे मी पुस्तकात वाचलेलं, विद्यार्थ्यांना शिकवलेलं, आणि साखरेच्या आकड्याने हात थरथरला तेव्हा विसरलेलं. मग फिजिशियनने काही दिवस इन्सुलिन लावलं आणि आम्ही २५ पासून पुन्हा सुरू करून तीन आठवड्यांत उतरवलं. यावेळी टिकलं.

ठिपक्यांच्या जागची मेलेली कातडी सुटायला पाच आठवडे गेले. उजव्या गुडघ्यावर पाच खळगे राहिले.

आता मूळ दुखण्याकडे येते, कारण ते कुणी विचारलंच नव्हतं, मीही पहिले तीन आठवडे नाही. गुडघ्यांची झीज तिला चार वर्षांपूर्वी एक्स-रे काढून सांगितलेली. दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, त्याने पित्त खवळलं, मग क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं जास्त आलं म्हणून त्या बंद केल्या. बंद केल्यावर पर्याय काय दिला? वजन कमी करा, मांडी घालू नका, खाली बसू नका. वजन ५४ किलो. घरी भारतीय पद्धतीचं संडास. कापूस वेचायचा किलोच्या भावाने, वाकून, आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर. तिने विचारलं, "मग वेचू कशी?" त्यावर चिठ्ठीत उत्तर नव्हतं. बिब्ब्यापाशी होतं.

आणि बिब्ब्याने तिला फसवलं असंही नाही. मी विचारलं, त्या रात्री गुडघा दुखला? "त्या दोन दिसांत टोंगळा दुखतो हे ध्यानातच नाही आलं." स्वाभाविक आहे. वरच्या कातडीला जोराची आग लागली की मेंदू आणि मज्जारज्जू बाकीच्या वेदनांचे संदेश दाबतात आणि खोलवरचं दुखणं मागे पडतं. मज्जारज्जूत वेदनेची वाट उघडझाप करणारं दार असतं असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम गुडघ्याला लावतात, तेही आधी आग करतं आणि रोज लावत राहिलं की तिथले वेदनेचे मज्जातंतू मंदावतात. लसणाचा ठेचा रात्रभर बांधून फोड आलेले, शेवग्याचा पाला वाटून लावलेले, रुईचं पान तापवून शेकलेले, चित्रकाचं मूळ उगाळून लावलेले गुडघे आणि कंबरा मी पाहिल्या आहेत. सगळ्यांचा हिशेब एकच: आतलं दुखणं बाहेरच्या आगीने झाकायचं. फक्त मलमाच्या नळीत किती आग आहे हे कुणीतरी मोजलेलं असतं. सुईच्या टोकावरचा थेंब कोण मोजणार? शेकाच्या पिशवीचंही तेच, मधुमेहाने पावलं बधिर झालेल्या माणसाला ती भाजते आणि त्याला कळत नाही.

आयुर्वेदाचा दाखला लोक हमखास देतात, म्हणून तेही सांगते. चरकसंहितेत भल्लातकाचं रसायन आहे, खरं. पण वैद्य बिबा तसाच उचलून देत नाही. विटेच्या भुकटीत ठेवून, घासून, तेल शोषवून, गरम पाण्याने धुऊन त्याचं शोधन करतो. पित्तप्रकृतीला, लहान मुलांना, गरोदर बाईला, उन्हाळ्यात तो टाळायला सांगतो. आपल्या औषध नियमावलीत, १९४५ च्या, आयुर्वेदिक विषारी द्रव्यांची जी यादी परिशिष्ट ई(१) मध्ये आहे तिच्यात भल्लातक आहे, धोत्रा आणि बचनागाच्या पंगतीला. बाजारात तो मात्र पाच-दहा रुपयांना, सुयांच्या शेजारी मिळतो.

तिला आम्ही काय दिलं? जखम भरल्यावर दुखण्याचं मलम, न फुटलेल्या कातडीवरच; पोटातून पॅरासिटामॉल, वेचणीच्या दिवशी. पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो गुडघ्याने खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा खेपा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू तगडा झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. संडासात दीडशे रुपयांचं प्लास्टिकचं स्टूल, मधे भोक पाडलेलं, मुलाने करून दिलं. हे स्टूल माझ्या साऱ्या औषधांपेक्षा तिला जास्त आवडलं.

बिब्ब्याची ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते, आणि ती बिब्ब्यापुरती थांबत नाही. काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याच्या देठाचा चीक आणि साल, सगळी एकाच कुळातली मंडळी. कोकणात आणि गोव्यात टरफलं फोडणाऱ्या बाया बोटांना तेल किंवा राख लावून बसतात ते यामुळेच. भाजलेला काजूगर चालतो. घरी फोडलेली गोडंबी मात्र मी मना केली, सालीचं तेल गराला लागलेलं असण्याची शक्यता राहतेच.

मार्चमध्ये ती शेवटची आली तेव्हा दुखणं अर्ध्यावर आलेलं, खळग्यांच्या कडा काळसर, आणि नडगीवरच्या दोन रेघा चहा सांडल्यासारख्या तपकिरी. रंग जाईल का, तिने विचारलं. आपल्या कातडीत असे डाग वर्षभर रेंगाळतात, खळगे राहतील, असं सांगितलं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिची काळजी निराळी होती: आंबे येतील, खायचे की नाही?

खा, म्हटलं, पण चिरायचे सुनेने, साल तोंडाला लावायची नाही, देठाला हात नाही.

"अन् कैऱ्या? लोणच्याच्या कैऱ्या दरवर्षी मीच फोडतो."

यावेळी नणंद आत बसली होती. तिने दोन्ही हात पालथे करून टेबलावर ठेवले. नखं स्वच्छ झाली होती.

"मी फोडीन," ती म्हणाली. "माह्या हाताले काही होत नाही."